जुनी ‘फास्ट’ कार घ्यायचीय आणि घर जव्हार-मोखाड्यात? पोलो जीटी, अबार्थ की व्हीआरएस. टोकन देण्याआधी हे गणित करा

जुन्या गाड्यांचं कोणतंही ॲप उघडा, किमतीच्या फिल्टरमध्ये १० ते १५ लाख टाका. नव्या छोट्या एसयूव्हीच्या किमतीत चक्क जर्मन, इटालियन किंवा चेक नावाची वेगवान गाडी समोर येते. टर्बो इंजिन, लाल रंगाचे ब्रेक कॅलिपर, ‘सिंगल ओनर’, ‘शोरूम कंडिशन’. नाशिक, ठाणे किंवा वसईत नोकरीला लागलेल्या आणि सुट्टीला जव्हार-मोखाड्याच्या घरी येणाऱ्या तरुणाला हा सौदा भुरळ घालणारच.

पण ही गाडी शनिवारी घाट चढणार आहे. पावसाळ्यात धुक्यातून जाणार आहे. बिघडली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर साधारण ८० किलोमीटरवर नाशिकला, नाहीतर थेट ठाणे-वसई पट्ट्यात. त्यामुळे ‘कोणती गाडी जास्त पळते?’ हा प्रश्न इथे अपुरा आहे. ‘कोणती गाडी पाच वर्षं परवडेल आणि घाटात दगा देणार नाही?’ हे विचारायला हवं. तेच सोप्या भाषेत समजून घेऊ.

थोडक्यात

- गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांची आणि मजुरीची घसरत नाही.
- घाट चढायला फार ताकद लागत नाही. घाट उतरायला ब्रेक आणि टायर लागतात.
- पोलोमध्ये २०२० नंतरचं मॉडेल आधीच्या डीएसजीवाल्या गाडीपेक्षा कमी जोखमीचं.
- अबार्थ चालवायला मजेदार, पण सुट्या भागांसाठी थांबायची तयारी हवी.
- व्हीआरएस हायवेची गाडी. पाड्यावरच्या रस्त्यासाठी नाही.

मुळात चर्चा कोणत्या गाड्यांची?

पोर्शे बॉक्स्टर, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, फोर्ड मस्टँग या खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात त्या दिसतात. पण बॉक्स्टर आणि झेड४ मध्ये जेमतेम दोन माणसं बसतात, टीटीमध्ये मागची सीट नावालाच असते आणि जमिनीपासूनची उंची इतकी कमी की मोठा गतिरोधकही संकट वाटावा. एका टायरच्या किमतीत साध्या कारचा अख्खा संच येऊ शकतो. घरात दुसरी गाडी नसेल तर हा पर्याय इथेच सोडून द्या.

आपल्या आवाक्यातल्या वेगवान गाड्या वेगळ्या आहेत. त्यातल्या तीन महत्त्वाच्या गाड्या महाराष्ट्राच्याच कारखान्यांतून बाहेर पडल्या, हे अनेकांना माहीत नसतं. फोक्सवॅगन पोलो चाकणची. फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. चौथा पर्याय चेन्नईजवळ बनणारी ह्युंदाई आय२० एन लाइन.

किंमत जुनी, खर्च नवा

ऑक्टाव्हिया व्हीआरएस २०१७ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे २५ लाख रुपये होती. आज ती कितीही कमी किमतीत मिळाली तरी तिचे ब्रेक पॅड, डिस्क, शॉक ॲब्सॉर्बर आणि टर्बो हे २५ लाखांच्या गाडीचेच आहेत. दुकानदार तुमच्याकडून त्याच हिशेबाने पैसे घेणार. जुन्या परफॉर्मन्स कारमध्ये फसगत होते ती नेमकी इथे.

म्हणून बजेट ठरवताना साधा नियम लावा. समजा हातात ८ लाख आहेत. त्यातले ६ ते सव्वासहा लाखच गाडीसाठी ठेवा. उरलेले पावणेदोन ते दोन लाख नाव हस्तांतर, विमा, चार टायर, सगळी तेलं, ब्रेक आणि पहिल्या वर्षातल्या एखाद्या अनपेक्षित कामासाठी. ८ लाख गाडीतच घातले आणि तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला, तर गाडी अंगणात उभी राहील आणि हप्ता मात्र चालूच राहील.

घाट चढायला नेमकी किती ताकद लागते?

इथे थोडं इंजिनीअरिंग. समजा गाडी आणि चार माणसं मिळून वजन १,४०० किलो आहे. रस्त्याचा चढ ८ टक्के धरा, म्हणजे १०० मीटर अंतरात ८ मीटर उंची. ताशी ४० किलोमीटर वेगाने हा चढ चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १२ किलोवॅट, म्हणजे १६-१७ पीएस इतकीच शक्ती लागते. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरला तरी हिशेब २०-२२ पीएसच्या आसपास थांबतो.

म्हणजे १०० पीएसची गाडीसुद्धा घाटात आपली बहुतेक ताकद राखूनच असते. ती शिल्लक ताकद कामी येते ट्रकला ओव्हरटेक करताना, तेही समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तरच. २३० पीएस असली तरी समोरचं वळण सरळ होत नाही.

घाटात चालकाला जाणवतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. टर्बो पेट्रोल इंजिनचा फायदा असा की हा जोर कमी आरपीएमलाच मिळतो. पोलो जीटी टीएसआयचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क साधारण १,५०० आरपीएमपासून हाताशी असतो. चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर सारखं यावं लागत नाही.

आता उतार: १४ लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता

हीच १,४०० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आणा. तिची जी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी ती सुमारे ४१ लाख जूल. एवढ्या उष्णतेत ३० अंशांवरचं साधारण १४ लिटर पाणी उकळीला येईल. फक्त ब्रेक दाबत खाली आलात तर यातला मोठा वाटा ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये जातो. पॅड तापले की पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओलावा शिरलेला असतो, ते लवकर उकळतं आणि पेडल एकदम मऊ पडतं. गॅरेजमध्ये ज्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात, त्यातले बरेच प्रकार असे घडतात.

म्हणून त्र्यंबकेश्वरकडून तोरंगण घाटाने मोखाड्याला येताना किंवा जव्हारहून खाली विक्रमगडकडे उतरताना खालच्या गिअरमध्ये राहायचं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरायचा. आणि जुनी वेगवान गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून टाकायचं. आधीचा मालक ‘आत्ताच बदललंय’ म्हणाला तरीही.

गाडी १: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय

२०१३ मध्ये सुमारे ८ लाखांना आलेली ही गाडी १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस आणि सात गिअरच्या डीएसजीसह मिळायची. कंपनीच्या दाव्यानुसार शून्य ते १०० किलोमीटर ९.७ सेकंदांत. बॉडी मजबूत. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार स्टार मिळाले होते. ते निकष आजच्यापेक्षा सौम्य होते, हे लक्षात ठेवा.

दुखरी नस म्हणजे तो डीएसजी गिअरबॉक्स. त्यातले दोन्ही क्लच ‘ड्राय’, म्हणजे तेलात न बुडालेले. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली किंवा रांगेत इंच-इंच सरकली की ते तापतात. गिअरबॉक्सचा मेंदू असलेलं मेकॅट्रॉनिक युनिट बिघडलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

२०२० मध्ये इंजिन बदललं. १.० लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस. सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं, पण याच घराण्यातली इंजिनं आजही फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या नव्या गाड्यांत येतात. त्यामुळे सुट्या भागांची चिंता कमी.

गाडी २: अबार्थ पुंटो

२०१५ मध्ये सुमारे १० लाखांत १४५ पीएस देणारी ही गाडी त्या काळी खळबळ उडवून गेली होती. १.४ लिटर टी-जेट इंजिन, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअरचा मॅन्युअल. कंपनीचा दावा ८.८ सेकंदांचा. स्टिअरिंग जड, पण वळणावर रस्ता काय सांगतोय ते हाताला कळतं. डीएसजीची भानगड नाही.

अडचण दुसरीच. फियाट नावाने नव्या गाड्या विकणं भारतात २०१९ च्या सुमारास बंद झालं. पुंटोचं १.३ लिटर डिझेल इंजिन मारुती स्विफ्टशी मिळतंजुळतं असल्याने त्याचे भाग कुठेही मिळतात. पण टी-जेट पेट्रोलचं तसं नाही. टर्बो, सेन्सर, बंपर, हेडलाइट यांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागू शकतं. शिवाय जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. डांबर उखडलेल्या रस्त्यावर चार माणसं बसवून खाली घासण्याची शक्यता बरीच.

गाडी ३: ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०

२.० लिटर टर्बो, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. ६.८ सेकंदांत १००. गिअरबॉक्स डीएसजीच, पण सहा गिअरचा आणि ‘वेट क्लच’चा, म्हणजे तेलात थंड राहणारा आणि जास्त टिकाऊ. अट एकच, ठरलेल्या किलोमीटरला त्याचं तेल बदललेलं असावं. बदलल्याची पावती नसेल तर किंमत तशी कमी करा किंवा गाडी सोडा.

मागे पाय पसरायला जागा, डिकी प्रचंड. मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलात की ही गाडी खरी कळते. पण साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही ती खाली बसते आणि टायरची जाडी कमी. खड्ड्यात टायर फुटणं आणि अलॉय व्हील वाकणं हे नेहमीचं दुखणं. तसा टायर जव्हारच्या बाजारात मिळेल, या भरवशावर राहू नका.

गाडी ४: आय२० एन लाइन

२०२१ मध्ये आलेली, १.० लिटर टर्बो, १२० पीएस, मागेही डिस्क ब्रेक. वरच्या तिघींइतका दरारा नाही. पण गाडी नवी, ह्युंदाईचं सर्व्हिस जाळं मोठं आणि जमिनीपासूनची उंची पोलोच्या आसपास. ड्युएल क्लच ऑटोमॅटिक घेणार असाल तर पोलोच्या डीएसजीसारखीच चढावर चाचणी घ्या.

गावात एक गाडी म्हणजे रात्रीची सगळ्यांची गाडी

शहरातल्या यूट्यूब रिव्ह्यूत न येणारा मुद्दा हा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीतून रस्त्याअभावी एका महिलेला डोलीतून न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं दगावली. राज्यभर बातमी झाली. वावर असो की खोडाळा, आजूबाजूच्या पाड्यांवर आजही ज्याच्या दारात चारचाकी, त्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडते. साप चावलेला, कळा सुरू झालेली, तापाने फणफणलेलं पोर.

अशा वेळी गाडीत मागे एक माणूस आडवा झोपू शकतो का? कच्च्या रस्त्यावर ती खाली घासेल का? डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला म्हणून ती ‘लिम्प मोड’मध्ये तर जाणार नाही ना? घरात ही एकच गाडी असणार असेल तर या तीन प्रश्नांची उत्तरं शून्य ते १०० च्या आकड्याआधी हवीत.

हाच रस्ता आश्रमशाळेत चालत जाणाऱ्या मुलांचा, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायांचा आणि गुरांचाही आहे. इथे कडेला फुटपाथ नाही. वेग दुप्पट झाला की गाडीची ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी ४० ऐवजी ८० ने वळणावर आलात तर ब्रेक लावल्यावरचं थांबण्याचं अंतरही साधारण चौपट.

बघायला जाताना काय तपासाल?

१. इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नकोस. सुरू होताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. थंड इंजिनचा खडखडाट गरम झाल्यावर लपतो.

२. स्कॅनर लावा. गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडायचं साधं उपकरण स्वस्तात मिळतं. पण डीएसजीचं तापमान आणि क्लचची झीज पाहायला त्या ब्रँडचं काम जाणणारा मेकॅनिकच न्या. तपासणीचे काही हजार वाचवून लाखाचा फटका खाऊ नका.

३. चढावर चाचणी घ्या. सपाट रस्त्यावरची फेरी पुरेशी नाही. चढावर थांबवा, पुन्हा काढा, रिव्हर्स घ्या. धक्का, थरथर किंवा जळका वास आला तर तिथेच थांबा.

४. रीमॅप केलीय का विचारा. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्या या गटात सर्रास असतात. क्लच, टर्बो यांच्यावर ताण येतो आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेम अडकू शकतो. मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवलेला असेल तर दंड वेगळा.

५. पुराची गाडी ओळखा. सीट बेल्ट पूर्ण ओढून खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा. सीटखालच्या रुळांना गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत बाष्प. यातलं काहीही दिसलं तर गाडी कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा.

६. टायरवरची तारीख वाचा. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर ओल्या घाटात कडक पडतो.

७. पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्या कमी इथेनॉल गृहीत धरून बनल्या आहेत. रबरी पाइप, गॅस्केट तपासून घ्या आणि गाडी महिनोन् महिने टाकी अर्धी ठेवून उभी करू नका.

कागदपत्रं: इथे घाई नको

पालघर जिल्ह्यातल्या गाडीचा नंबर एमएच ४८. गाडी ठाण्याची एमएच ०४ असो वा नाशिकची एमएच १५, नाव हस्तांतर करायचंच. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्याने तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. त्या किमतीत टॅक्स आणि वाहतूक मिळवून मगच तुलना करा.

फॉर्मवर सह्या घेऊन ‘नंतर बघू’ म्हणणं दोघांनाही महागात पडतं. हस्तांतर होईपर्यंत आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

विम्याचंही तसंच. गाडी नावावर घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे हस्तांतराचा अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. ‘बोनससकट विमा देतो’ असं कोणी म्हणालं तर प्रीमियममध्ये फरक येणार हे धरून चाला.

आणि वय मोजा. २०१३ ची पोलो २०२८ मध्ये १५ वर्षांची होईल. मग फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

सीट बेल्ट: मागेसुद्धा

४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज गाडी कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं तपासात समोर आलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. जुनी गाडी घेताना मागचे बेल्ट सीटखाली कोंबलेले असतात. ते बाहेर काढा, ओढून झटका द्या, अडकतात का पाहा.

मग घ्यायची कोणती?

घरात एकच गाडी असेल आणि ती जव्हार, मोखाडा किंवा आजूबाजूच्या गावातच राहणार असेल, तर २०२० ते २०२२ ची पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर. ती चांगल्या अवस्थेत मिळाली नाही तर आय२० एन लाइन.

घरात बोलेरोसारखी दुसरी गाडी आहे, नाशिकमध्ये ओळखीचा फियाटचा मेकॅनिक आहे आणि भागासाठी महिनाभर थांबायची तयारी आहे, तर अबार्थ. या चौघींत घाटात हसू आणणारी गाडी तीच.

राहणं ठाणे-नाशिकला, रोजचा प्रवास हायवेचा आणि गावी महिन्यातून एकदा येणं, तर व्हीआरएस. मात्र बाजूला किमान दोन लाख ठेवूनच.

डीएसजीवाली जुनी पोलो जीटी सगळ्यात जास्त जाहिरातींत दिसते. ती गिअरबॉक्सच्या कामाच्या पावत्यांसह मिळाली तरच विचार करा. आणि एका गाडीवर मन बसलं की लगेच टोकन देऊ नका. त्याच मॉडेलच्या निदान तीन गाड्या चालवून पाहा. तिसरी चालवल्यावर पहिलीतला दोष बहुतेक वेळा आपोआप कळतो.